झुंबरबाईची वाडी

बेहडवाडीची माणसं झुंबरबाईबद्दल दोन गोष्टी ठामपणे सांगत. एक, तिच्या हातच्या तुपासारखं रवाळ तूप कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत कुणाला जमत नाही. आणि दुसरी, तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा आग्यामोहळात हात घातलेला बरा. पहिली गोष्ट मोठ्यानं सांगत. दुसरी सांगण्याआधी एकदा मागं वळून बघत.

बेहडवाडी वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला, जिथं भातखाचरं संपतात आणि रान सुरू होतं तिथं, डोंगराला पाठ लावून बसलेली. पंचवीस-तीस घरं, सगळी आखाड्यांची भावकी. सारा भरायचा तो खालच्या मूळ गावाच्या नावानं, त्यामुळं वडगावच्या कचेरीला या वाडीची वेगळी ओळख नव्हती. आणि ती करून द्यावी अशी वाडीलाही हौस नव्हती. कारभार रखमाजी आखाडे बघायचा. हाडापेरानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा, आणि कुठलीही गोष्ट निघाली की आधी "माजं ऐका" म्हणणारा. झुंबरबाई त्याच्या धाकट्या भावाची, सोपानाची बायको.

सोपान मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. पोरबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर रखमाजीनं भावकी जमवली आणि झुंबरबाईनं आता माहेरी जावं, असं ठरवूनच विचारलं.

"माहेरात आई न्हाई, बाप न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "भाऊ हाय, पर भावजयीला मी नको. जाऊ कुटं?"

"तू अजून तरणी हायेस. हितं एकटी ऱ्हायलीस तर लोक काय म्हंतील?"

"लोक म्हंजे तुमीच न्हवं का, भावजी? मंग काय म्हनायचं त्ये आताच म्हना. मला धारा काढायच्या हायत."

भावकीत कुणीतरी हसलं. रखमाजीला ते हसू फार दिवस पुरलं. त्या हंगामात त्यानं सोपानाच्या वाटणीच्या खाचरात आपला नांगर घातला, आणि झुंबरबाईनं भांडायच्या ऐवजी आपल्या दोन म्हशी आणि एक रेडकू सोडलं आणि डोंगरावरचा माळ गाठला. तिथं सोपानाचा कारवीच्या कुडाचा एक गोठा होता आणि शेजारी कातळात खोदलेलं, कुणी खोदलं कुणास ठाऊक, बारमाही पाण्याचं टाकं.

"चार दिसांत भूक खाली आनील," रखमाजी म्हणाला.

चार दिवस गेले, पावसाळा गेला, दुसरा पावसाळाही गेला. भूक काही खाली आली नाही. झुंबरबाई मात्र उतरायची, पण डोंगराच्या दुसऱ्या अंगानं; तुपाचं गाडगं डोक्यावर घेऊन वलवणच्या बाजूनं तुंगार्लीच्या बंगल्यांकडं. मुंबईच्या शेटलोकांच्या स्वयंपाकिणी तिची वाट बघायच्या. वाडीशी तिचा संबंध उरला तो रखमाजीच्या सुनेपुरता. शालूबाई हिरडे वेचायला रानात यायची, तेव्हा पदराआड मिठाची पुरचुंडी असायची, आणि जाताना त्याच पदराआड लोण्याचा गोळा. रखमाजी ते लोणी भाकरीवर घेऊन खायचा. कुठून आलं हे त्यानं कधी विचारलं नाही.

एकोणीसशे चोवीस-पंचवीसच्या हिवाळ्यात मूळ गावाजवळ पांढरे तंबू लागले. सर्वे खात्याची तुकडी आली होती. डोंगर, ओढे, रान, वाटा, सगळ्याचा नवा नकाशा करायचा होता. डोंगरमाथ्यांवर बांबू उभे राहिले आणि त्यांवर पांढरी निशाणं फडकायला लागली.

ते बघून रखमाजीनं हातातलं काम टाकलं, आणि त्याला कारण होतं. त्याची थोरली बहीण कस्तुराबाई वलवणच्या अंगाला दिलेली. तिच्या सासरची खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली, तेव्हा रखमाजी तिला आणायला गेला होता. पाणी चढत होतं आणि कस्तुराबाई बांधावर बसून होती. उठेना. शेवटी त्यानं तिला लहान पोरीसारखी उचलून आणली होती. तिकडं मुळशीकडं तर धरणावर लोक जाऊन बसल्याच्या बातम्या नुकत्याच ऐकलेल्या. रखमाजीच्या डोक्यात सगळं पक्कं बसलं होतं. आधी दुर्बीणवाला येतो, मग झेंडे येतात, मग पाणी येतं.

त्यानं माणसं देवळापुढं गोळा केली.

"माजं ऐका. कागदावर जे गाव दिसतं, त्येच सरकार बुडवतं. जे दिसतच न्हाई त्ये बुडवनार कसं? आपुन दिसायचंच न्हाई."

"पर आबा, घरं तर दिसनारच की," बजरंग म्हणाला. हा त्याचा चुलत पुतण्या, जरा शंकेखोर.

"घरं न्हाईत ती. गुरांचे गोठे. आन् आपुन गुराखी. दोन म्हैन्यांसाटी आलोय."

झालं. बाया-पोरं रानातल्या कपारीत धाडली. भैरोबाचा झेंडा उतरवला, शेंदरावर बेहड्याच्या फांद्या टाकल्या. गुरं पडव्यांतून, ओट्यांवरून, एका घरी तर थेट देव्हाऱ्यापुढं बांधली. रखमाजीनं स्वतःचं पागोटं काढून ठेवलं आणि खांद्यावर घोंगडी टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तो गरीब दिसला. फक्त धोंडाबाई नावाची एक म्हातारी जागची हलेना. सात डोंगर चालून जायचं वय राहिलं नाही, म्हणाली. तिला पडवीत म्हशींच्या मधे बसवलं आणि वरून घोंगडं टाकलं.

दुपारी सर्वेअर आला. नसीर त्याचं नाव. तळेगावचा माणूस, मराठी आपल्यासारखीच बोलणारा, उन्हानं रापलेला. मागं सामान वाहणारे दोन खलाशी, एकाच्या खांद्यावर तिपाई, दुसऱ्याच्या पाठीवर कापडात गुंडाळलेला नकाशाचा फळा. नसीरनं पाणी मागितलं, प्यायला, आणि चहूकडं नजर टाकली.

"गावाचं नाव काय?"

"गाव न्हाई, सायब. गोठे हायत."

"गोठ्यापुढं तुळशीवृंदावन?"

रखमाजी गडबडला, पण क्षणभरच. "आमची गुरं माळकरी हायत."

नसीरनं मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात पडवीतून खोकल्याची उबळ आली. चांगली लांबलचक.

"म्हशीला खोकला झालाय," रखमाजी म्हणाला.

"औषध द्या तिला," नसीर म्हणाला. "वय झालेलं दिसतंय."

अशी वस्ती तो काही पहिल्यांदाच पाहत नव्हता. साहेब आला की ओझी वाहायला धरून नेतो, या भीतीनं ओस पडलेली गावं त्यानं पुष्कळ बघितली होती. चुलीत निखारे आणि घरात माणूस नाही, अशी. तो ओट्यावर टेकला आणि समजुतीनं बोलला.

"कारभारी, खरं सांगा. धरणाचं काम माझ्याकडं नाही. मी फक्त जे आहे ते कागदावर काढतो. पण नावगाव तुम्ही सांगाल तेच मला लिहावं लागतं, आणि एकदा छापलं की वीस-तीस वर्षं कुणी पुसत नाही."

"वीस-तीस वर्सं?" रखमाजीचा चेहरा उजळला. "लय बेस. मंग लिवाच. गुरांचे गोठे. मानूस राहत न्हाई."

नसीरनं उसासा टाकला आणि तसंच लिहिलं. त्या संध्याकाळी भैरोबाला बोकड पडला.

दोन दिवसांनी नसीर समोरच्या डोंगरावर फळा लावून बसला होता. माळावरच्या निशाणावर पट्टी धरायची आणि रेघ ओढायची, एवढंच काम. त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि खाली ठेवली. पुन्हा लावली. माळावर पांढऱ्या निशाणाच्या जागी काहीतरी हिरवं, लांबच लांब, लाल काठाचं फडकत होतं.

खलाशी बघून आला आणि खाली मान घालून सांगू लागला, "लुगडं आहे, साहेब."

नसीर तणतणत माळावर चढला. करवंदीच्या जाळ्यांनी त्याचे हात ओरबाडले, घामानं टोपी भिजली. वर बघतो तर झुंबरबाई टाक्याशी गाडगी घासत बसलेली.

"बाई, ते लुगडं काढा आधी. सरकारी निशाण आहे ते."

"निशान व्हय? मला वाटलं, कुनाला तरी दया आली न् वाळत घालायला बांबू रोवून दिला." तिनं वर न बघताच सांगितलं. "वलं हाय अजून. बसा जरा. ताक घ्या."

नसीर भांडायला आला होता, पण चढ मोठा होता आणि ताक गार. त्यानं आपला पितळी पेला पुढं केला. तिनं वरून धार धरली. दुसरा पेला झाला, तिसरा झाला, तोवर लुगडंही वाळलं.

"या जागेचं नाव काय?" त्यानं विचारलं.

झुंबरबाईनं हात पुसले. सहा-सात वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. खाली 'त्या माळावरची' एवढंच तिचं नाव होतं.

"झुंबरबाईची वाडी," ती म्हणाली.

"वाडी? घरं किती?"

"तुमी मोजनीवाले. मोजा की."

"एकच दिसतंय."

"मंग एक लिवा. मानूस राहतंय, चूल पेटतीय, म्हसरं हायत, बारा म्हैने पानी हाय. वाडीला आनखी काय लागतं? दीर लागतो का?"

नसीर हसला, पण पेन्सिल तशीच हातात राहिली. त्यानं तिला फळ्याजवळ बोलावलं. कागदावर तपकिरी रेघांची गर्दी होती. लोहगडाकडून एक, ढाकेकडून एक, राजमाचीकडून एक अशा तीन बारीक रेघा येऊन एका जागी मिळाल्या होत्या. तिथं त्यानं पेन्सिलीनं एक इवलासा चौकोन काढला.

"ह्या तुम्ही."

झुंबरबाई खूप वेळ वाकून बघत राहिली. "एवढीशी?"

"सगळेच एवढेसे असतात, बाई. लोणावळंही बोटाखाली जातं."

"आन् खाली वाडी कुटं हाय आमची? बेहडवाडी?"

नसीरनं बोट ठेवलं. तिथं नुसते ठिपके होते. "ते गुरांचे गोठे आहेत. माणूस राहत नाही. तुमच्या कारभाऱ्यांनीच सांगितलं."

झुंबरबाईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग डोंगराखालच्या धुराकडं. मग ती इतकी हसली की टाक्यावर पाणी प्यायला आलेली म्हैस बिचकून मागं सरली.

माळ मोठा होता आणि नकाशावर मोकळाच राहत होता. अशा रानात पाण्याच्या जागी एक झोपडी असली, तरी तिचं नाव टाकायची पद्धत होती, त्यामुळं नसीरला खोटं काही लिहावं लागणार नव्हतं. पण बाईनं सांगितलेल्या नावाला पुरुष साक्षीदार हवा, असा त्याच्या वरच्या साहेबाचा दंडक. म्हणून मूळ गावच्या चावडीवर, नथू पाटलासमोर, त्यानं रखमाजीला विचारलं.

"वर माळावर झुंबरबाईची वाडी आहे म्हणतात. खरं का?"

रखमाजी 'कसली वाडी' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला. सरकारला बुडवायला एक वाडी हवीच असेल, तर ही आयतीच होती.

"हाय की, सायब! जुनी वाडी हाय. लय मोटी. ह्या बाजूची समदी मानसं तितंच राहत्यात."

नसीर स्वतः वर जाऊन ताक पिऊन आला होता. तरी तो काही बोलला नाही. "मग अंगठा द्या," म्हणाला. रखमाजीनं शाईत बुडवून असा ठसठशीत अंगठा उठवला की नथू पाटलानं कौतुकानं बघितलं.

परत जाताना बजरंगाला राहवलं नाही. "आबा, धरनाचं पानी डोंगरावर चढंल व्हय?"

"सरकारचं पानी हाय त्ये," रखमाजी म्हणाला. "त्याचा काय भरवसा."

पाणी आलं नाही. डोंगरावर नाही आणि खालीही नाही. रखमाजी पुढं कित्येक वर्षं सांगायचा, की आपल्या अकलेमुळं वाडी वाचली. नकाशा मात्र छापून आला आणि कचेऱ्या-कचेऱ्यांच्या भिंतींवर लागला. नसीरनं इमानानं एकच घर काढलं होतं; पण नकाशा बघणारा माणूस घरं मोजत नाही, नाव वाचतो. आणि त्या सगळ्या हिरव्या रानात ठळक अक्षरांत एकच नाव होतं.

पहिला आला तो देवी टोचणारा. झुंबरबाईच्या वाडीतली मुलं गोळा करा म्हणाला. मुलं नाहीत म्हटल्यावर तो इतका हिरमुसला, की झुंबरबाईनं आपलाच दंड पुढं केला. "आलायसा एवढे चढून, तर मला टोचा. रिकामे नका जाऊ." मग खानेसुमारीचा मास्तर आला. त्यानं लिहिलं, घर एक, पुरुष नाही, बायका एक. म्हशींचा रकाना नाही हे कळल्यावर ती त्याच्यावर चिडली. "माज्यापेक्षा जास्ती काम करत्यात त्या," म्हणाली. मग एक पोलीस आला. कुणी फरारी इसम झुंबरबाईच्या वाडीत लपल्याची खबर होती. त्यानं अख्ख्या वाडीची झडती घेतली. ताक प्यायच्या वेळासकट ती झडती लवकर आटोपली.

या सगळ्यांना वाट बेहडवाडीतून होती. सगळेजण रखमाजीलाच विचारायचे, "झुंबरबाईची वाडी कुठं?" आणि त्याला हात वर करून दाखवावं लागायचं. असं करून करून त्याचा खांदा दुखायला लागला, असं त्याची सूनच सांगायची.

बेहडवाडीचं खरं दुखणं पाण्याचं होतं. होळी झाली की झरा आटायचा आणि बायांना हंडे घेऊन नदीपर्यंत उतरावं लागायचं. नदीवरून चढ चढता चढता हंड्यातलं निम्मं पाणी हिंदकळून जायचं. पस्तीस साल असावं. ऐन चैत्रात एक ओव्हरसियर खांद्यावर मोजपट्टी टाकून वाडीत आला. सावलीला बसला, घाम पुसला.

"झुंबरबाईची वाडी कुठं?"

रखमाजीनं सवयीनं हात वर केला. "आता कशापायी?"

"विहीर मंजूर झालीय. डोंगराकडच्या वाड्यांना विहिरी द्यायच्या आहेत."

रखमाजीचा हात वरच राहिला.

"विहीर? तितं एकच बाई हाय, सायब! आन् बारमाही टाकं हाय. पानी हितं न्हाई!"

"इथं?" ओव्हरसियरनं नकाशा उलगडला. "इथं गुरांचे गोठे आहेत. मनुष्यवस्ती नाही."

"वस्ती न्हाई? सात पिढ्या नांदतोय आमी हितं! ह्ये काय मानसं दिसंनात तुमास्नी?"

"मला दिसतात हो. नकाशात दिसत नाहीत. मोजणी झाली तेव्हा सांगायचं होतं कुणीतरी."

बजरंग आढ्याकडं बघायला लागला. आतून शालूबाई रिकामा हंडा काखेला लावून बाहेर आली. सासऱ्यापुढं ती कधी बोलली नव्हती.

"मामंजी," ती म्हणाली, "सांगा की सायबाला. त्या वक्ताला आपुन म्हसरं व्हतो म्हनून."

ओव्हरसियर माणूस बरा होता. सगळी हकीकत ऐकून आधी तो पोट धरून हसला, मग विचार करून म्हणाला, की विहीर झुंबरबाईच्या वाडीची आहे, ती दुसऱ्या कुठल्या वाडीला देता येणार नाही. पण झुंबरबाईची वाडी खालपर्यंत पसरली आहे आणि विहीर खालच्या आळीत हवी, असा अर्ज तिथल्या राहणारांनी केला, तर जागा त्याला बदलता येईल.

"तितं राहनारी एकलीच हाय," रखमाजी म्हणाला.

"मग एकीचाच अर्ज चालेल."

रखमाजी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. सोळा-सतरा वर्षांत तो तिकडं फिरकला नव्हता. आता त्याची साठी उलटली होती. वाटेत चार ठिकाणी बसला, पाचव्या ठिकाणी परत फिरावं असं त्याच्या मनात आलं, पण खाली बायका ओळीनं नदीकडं उतरताना दिसत होत्या, आणि त्यांत त्याची आठव्या महिन्यातली नातसून होती. तो उठला.

झुंबरबाई धार काढत होती. पाठमोरी.

"झुंबर," तो म्हणाला.

"कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोन? वाडीत नवीन मानूस आलं की नाव सांगावं लागतं."

"रखमाजी."

ती वळली नाही. चरवी भरली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, मग उठली. केस पांढरे झाले होते. पाठ ताठच होती.

रखमाजीनं उभ्या उभ्याच विहिरीचं सांगितलं. ओव्हरसियर, अर्ज, अंगठा, सगळं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही, आणि त्यामुळं त्याला जास्तच अवघड गेलं.

"म्हंजे बेहडवाडी आता झुंबरबाईच्या वाडीची खालची आळी व्हनार," ती म्हणाली.

"कागदावर."

"कागदावरच तर. येक सांगा, भावजी. त्या नसीरमियाँनं विचारलं तवा 'लय मोटी वाडी हाय' म्हनून अंगठा का दिला? माज्यावर एवढी मया कवापासनं?"

रखमाजीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण चढानं छाती भरून आली होती आणि खोटं बोलायला लागतो तेवढा दम उरला नव्हता.

"धरन येईल वाटलं व्हतं. आलं तर हितं यावं, तितं नको, म्हनून."

"मला बुडवायला?"

"व्हय."

"डोंगरावर?"

झुंबरबाईचं हसू ओठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, कारण रखमाजी तिच्याकडं नाही, वलवणच्या अंगाला बघत होता.

"कस्तुराची खाचरं बुडताना बगितली मी," तो म्हणाला. "ती बांधावरनं उटंना. तवापासनं भ्यालो व्हतो. लय भ्यालो व्हतो."

म्हशीनं शेपूट झटकली. झुंबरबाई टाक्याच्या कडेला बसली.

"मंग मला बी सांगायचं," ती म्हणाली. "आले असते की मी बी वाडीतली पोरं घिऊन कपारीत लपायला. मी बी आखाडीनच न्हवं का?"

'माजं ऐका' म्हणायची ही जागा नव्हती. तो खाली बसला. तिनं ताक आणलं आणि त्यानं ते घेतलं.

ताक संपेपर्यंतच त्याची सुटका होती. "सोपानाचं खाचर," ती म्हणाली.

"दिलं."

"पंचांम्होरं."

"पंचांम्होरं दिलं."

"मंग आना कागद."

विहीर बेहडवाडीत खणली गेली. पुरुषभर खोलीवर कातळ लागला, सगळ्यांची तोंडं उतरली. कातळ फोडल्यावर खालून पाणी उसळलं, गोड. काठावर दगड बसवला, त्यावर गवंड्यानं अक्षरं कोरली, 'झुंबरबाईची वाडी'. वाडीत वाचता येणारं कुणी नव्हतं तोवर त्याचं काही वाटलं नाही. मग विहिरीपाठोपाठ शाळा आली, ती त्याच नावाची, आणि शाळेतून आलेली पोरं तो दगड मोठमोठ्यानं वाचायला लागली. लढाईच्या दिवसांत धान्याची कार्डं आली, त्यांवरही तेच. रखमाजीच्या धाकट्या नातवाच्या लग्नाची पत्रिका छापली, तेव्हा छापखानेवाल्यानं कार्ड बघून मुक्काम घातला, झुंबरबाईची वाडी. रखमाजी तोंडानं मात्र मरेपर्यंत बेहडवाडीच म्हणत राहिला. त्यानं म्हटलेलं घरातल्यांना कळायचं. टपाल्याला कळायचं नाही.

खाचर मिळालं, पण झुंबरबाई खाली आली नाही. तिनं ते शालूबाईच्या नावानं कसायला दिलं, म्हणजे फिरून रखमाजीच्याच घरात गेलं; फरक एवढाच, की आता भात घरात येण्याआधी शालूबाईला विचारावं लागायचं. रखमाजी गेला तेव्हा झुंबरबाई उतरली, तिरडीजवळ उभी राहिली. "खांदा हळू द्या," तिनं उचलणाऱ्यांना सांगितलं, "दुखतो त्यांचा." आणि मग ती रडली, खरंखुरं, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

त्यानंतर गुडघे बोलायला लागले, तसं शालूबाईनं तिला आपल्याकडं आणली. आठ दिवस राहिली. लय गर्दी, म्हणाली. रात्री कुणी ना कुणी घोरतंच. नवव्या दिवशी काठी टेकत वर निघून गेली. पुढं तडजोड झाली. पावसाळ्यात खाली, दसऱ्यानंतर वर.

सेहेचाळीस साली मार्गशीर्षात ती वरच गेली. शालूबाई भाकरी घेऊन चढली, तेव्हा अजून बोलत होती. टाक्यातला गाळ काढायला सांग बजरंगाला, म्हणाली. संध्याकाळी संपली.

मयताची नोंद बजरंगानं करून दिली. मयताचे नाव झुंबरबाई, राहणार झुंबरबाईची वाडी. पंधरा दिवसांनी कागद परत आला. नोंद तपासणाऱ्या कुणा कारकुनानं लाल शाईत शेरा मारला होता, की नजरचुकीने मयताच्या जागी गावाचे नाव लिहिले गेले आहे, तरी मयत बाईचे खरे नाव कळवावे.

बजरंगानं तो शेरा शाळेतल्या पोराकडून दोनदा वाचून घेतला. मग तो शालूबाईकडं गेला. ती माळावरून आणलेल्या म्हशीशी झटत होती. म्हैस नव्या दावणीला धार देत नव्हती.

"काय कळवू, वैनी?"

शालूबाईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, पुन्हा खाली बसली, चरवी गुडघ्यांत धरली.

"कळवा की नजरचूक न्हाई म्हनावं," ती म्हणाली. "आन् जरा हिचं शिंग धरा."